हाक आली, पण कुणाची? ख्रिस्ती जीवनातलं ‘पाचारण’ सोप्या शब्दांत

शिलोच्या मंदिरातला दिवा अजून विझलेला नव्हता. शमुवेल नावाचा मुलगा तिथेच झोपत असे. म्हातारा याजक एली आपल्या जागी निजलेला, त्याची नजर अधू झालेली. कुणीतरी नावाने हाक मारली. मुलगा उठून धावत एलीकडे गेला, ‘मला बोलावलंत?’ एली म्हणाला, ‘नाही रे बाळा, जा, झोप.’ पुन्हा हाक, पुन्हा धाव, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की पोराला स्वप्न पडत नाहीये. त्याने सांगितलं, पुन्हा हाक आली तर म्हण, ‘हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे.’

बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ही गोष्ट आहे. रविवारच्या शाळेत ती इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्यातली गंमत सुटून जाते. देवळात वाढलेल्या, रोज देवाची सेवा करणाऱ्या मुलाला देवाचा आवाज ओळखता आला नाही. तो ओळखला एलीने, ज्याला धड दिसत नव्हतं आणि ज्याची स्वतःची मुलं अर्पणावर डल्ला मारत होती. हाक एकाला ऐकू आली, कळली दुसऱ्याला.

मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. दरवर्षी हा धडा आला की कुणीतरी विचारतंच, ‘सर, देव मराठीत बोलतो का?’ मुलं हसतात, पण प्रश्न चुकीचा नाही. ‘मला देवाचं बोलावणं आलं’ असं कुणी म्हणतं तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

सुरुवात शब्दापासून करू. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘पाचारण’ हा शब्द आहे. चर्चबाहेर तो आपल्याला भेटतो वर्तमानपत्रात: ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले.’ मला हा योगायोग फार आवडतो. अग्निशमन दलाला कुणी हारतुरे घालायला पाचारण करत नाही. कुठेतरी आग लागलेली असते. बायबलमधली पाचारणंही बहुतेक अशीच आहेत. मोशेला जळत्या झुडपातून हाक येते, तेव्हा देव आधी मोशेबद्दल बोलत नाही. मिसरात माझे लोक गांजले आहेत, त्यांचा आक्रोश मी ऐकला आहे, असं म्हणतो. ‘तर मी तुला पाठवतो’ हे त्यानंतर येतं. देवाने मला बोलावलं असं कुणी सांगू लागलं की मी मनात पहिला प्रश्न हाच विचारतो, आग कुठे लागलीय? सांगणाऱ्याच्या बोलण्यात फक्त ‘मी’च येत असेल तर जरा थांबायला हवं.

नव्या करारात ग्रीकमध्ये हा शब्द ‘क्लेसिस’ असा आहे. मंडळी किंवा चर्च यासाठी तिथे जो ‘एक्क्लेसिया’ शब्द येतो, तोही त्याच कुळातला, म्हणजे बोलावून एकत्र केलेले लोक. प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की तुम्हाला झालेल्या पाचारणाला शोभेल असं वागा, तेव्हा तो पाद्री लोकांशी बोलत नाहीये. त्या मंडळीत नवरे, बायका, मुलं, गुलाम, मालक सगळे होते. पत्र सगळ्यांना वाचून दाखवायचं होतं. पहिलं पाचारण हे असं सरसकट आहे, बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ते आहेच. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली हीच गोष्ट पुन्हा ठासून सांगितली की पवित्र जीवनाचं बोलावणं एकट्या फादर-सिस्टरांना नाही. त्याच्या आत मग आयुष्य कोणत्या रीतीने जगायचं हा प्रश्न येतो: लग्न, व्रतस्थ जीवन की धर्मगुरूची दीक्षा. आणि त्याच्याही आत एखादं ठरावीक काम. लोक ‘पाचारण’ म्हणतात तेव्हा बहुधा त्यांच्या मनात हे शेवटचे दोनच असतात, त्यामुळे अर्धा गोंधळ तिथेच सुरू होतो.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला हा गोंधळ चांगलाच नडला होता. २ जुलै १५०५ रोजी वादळात जवळच वीज पडली, तो घाबरला आणि संत अॅनाला हाक मारून बोलून गेला, ‘वाचव, मी मठात जाईन.’ पंधरा दिवसांत तो एर्फुर्टच्या मठात दाखल झाला. भीतीपोटी केलेल्या नवसाला पाचारण म्हणायचं का, हा प्रश्न त्याला पुढे बरीच वर्षं छळत राहिला. नंतर त्याने मांडलं की दूध काढणारी बाई आणि जोडे शिवणारा चांभार यांचं कामही देवाने दिलेलं पाचारणच आहे. जर्मन भाषेत धंद्या-व्यवसायाला ‘बेरूफ’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात ‘बोलावणे’ आहे. त्याला हा अर्थ मिळाला त्यात ल्यूथरचा मोठा वाटा आहे. त्याच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, पण इथे तो बरोबर होता.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. आवाज ऐकू येतो का?

बायबलमध्ये कधीकधी येतो. पण आवाज आला म्हणून काम सोपं झालं असं कुठेच दिसत नाही. मोशेने एकामागून एक पाच सबबी सांगितल्या. मी कोण लागून गेलो? तुझं नाव काय सांगू? ते विश्वास ठेवणार नाहीत. मला बोलता येत नाही, जीभ जड आहे. आणि शेवटी सरळच, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. पहिल्या चार सबबींना देवाने शांतपणे उत्तरं दिली. पाचवीला तो रागावला, पण तेव्हाही हाकललं नाही, बोलायला सोबत भाऊ अहरोन दिला. यिर्मया म्हणाला, मी अजून लहान आहे. निनवेला पाठवलेला योना तर याफोला जाऊन उलट दिशेच्या तार्शीशच्या जहाजात बसला. त्या मानाने ‘हा मी आहे, मला पाठव’ म्हणणारा यशया अपवादच म्हणायचा. कां-कू करणाऱ्याला पाचारण नसतंच असं कुणी सांगितलं तर त्याला मोशेची ही गोष्ट सांगणारं ‘निर्गम’ हे पुस्तक वाचायला द्यावं.

बहुतेकांच्या बाबतीत आवाज नसतोच. असते ती एक ओढ, जी जात नाही. पण ओढ कशाचीही लागते, त्यामुळे ती ओळखायची कशी यावर चर्चने बराच विचार केला आहे. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं शहाणपण एका जखमी सैनिकाचं आहे.

१५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी अंथरुणाला खिळलेला असताना त्याने वाचायला शौर्याच्या, प्रेमाच्या कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळालं ते येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची दिवास्वप्नं बघायचा. एकात तो एका थोर घराण्यातल्या बाईसाठी पराक्रम गाजवायचा, दुसऱ्यात संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जायचा. दोन्ही स्वप्नं चालू असताना गोडच लागत. फरक नंतर कळायचा. पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं, दुसरं संपल्यावरही समाधान रेंगाळत राहायचं. एवढ्याशा निरीक्षणातून त्याने ‘आत्म्यांची पारख’ करण्याचे नियम तयार केले आणि ते आजही त्याने पुढे स्थापन केलेल्या येशूसंघाच्या (जेझुइटांच्या) साधनेचा कणा आहेत.

त्यातला एक नियम कुणालाही, अगदी श्रद्धा नसलेल्यालाही, कामाला येईल: मन उदास, काळवंडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उजेडात ठरवलेलं अंधारात मोडायचं नाही. त्याने निवडीसाठी काही कल्पनाही सुचवल्या. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आला तर त्याला काय सल्ला द्याल? मरणाच्या दारात उभे असताना आज काय निवडलेलं असावं असं वाटेल? आणि हे सगळं कळल्यावरही इग्नेशियस लगेच महंत झाला नाही. तेहतिसाव्या वर्षी बार्सेलोनात लॅटिन शिकायला तो लहान पोरांच्या वर्गात जाऊन बसला.

ओढ पारखून झाली तरी ती एकट्याची पारख. चर्च तिच्यावर थांबत नाही. इथे पुन्हा एली येतो, या वेळी नियमांच्या रूपात. कॅथॉलिक कायद्याप्रमाणे धर्मगुरू व्हायचं तर वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत. तत्त्वज्ञानाची किमान दोन आणि ईशज्ञानाची चार वर्षं अभ्यास हवा. व्रतस्थांच्या संघात जाणाऱ्याला किमान १२ महिन्यांचं नोव्हिशिएट, म्हणजे सुरुवातीची उमेदवारी, मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतरच कायमची. या काळात कुणीही दार उघडून बाहेर पडू शकतं, आणि संघही नम्रपणे ‘हे तुझं घर नाही’ असं सांगू शकतो. दीक्षेआधी उमेदवाराला स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावं लागतं की मी हे स्वेच्छेने, मोकळ्या मनाने स्वीकारतो आहे. कुणावर जबरदस्ती करायला त्या कायद्याने सक्त मनाई आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत रीत वेगळी असली तरी गाभा तोच: साधारणपणे स्थानिक मंडळीची शिफारस, मग पुण्यातल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी शिक्षण, मग पाळक म्हणून दीक्षा. बाहेरून बघणाऱ्याला हे नोकरभरतीसारखं वाटतं. पण ‘देवाने मला थेट सांगितलं’ या वाक्यावर जगात किती लोकांची घरं आणि पैसे बुडाले आहेत ते पाहिलं की ही सात-आठ वर्षं मला थोडीच वाटतात.

या तपासणीत ‘नाही’ असं उत्तर मिळालं तर? वसईच्या लोकांना यासाठी लांब जायला नको. गोन्सालो गार्सिया आपल्याच मातीतला, बाप पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, भाषा उत्तम आत्मसात केली, बरीच वर्षं त्यांच्यासाठी धर्मशिक्षक म्हणून राबला. त्याला त्यांच्या संघात यायचं होतं, पण घेतलं गेलं नाही. मग त्याने व्यापार केला आणि चांगला केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन साधूंकडे त्याला दार उघडं मिळालं, तेही धर्मगुरू म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. १५९३ मध्ये तो दुभाषी म्हणून जपानला परतला. व्यापाराच्या आणि धर्मशिक्षकाच्या वर्षांत कमावलेली ती भाषाच आता उपयोगी पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यांत तो होता. १८६२ साली त्याला संत जाहीर केलं गेलं, भारतात जन्मलेला पहिला संत. ज्यांनी त्याला घेतलं नाही त्यांची चूक झाली असं मी म्हणणार नाही. पण एका संघाने दार लावलं म्हणून हाकच खोटी होती, असं ठरत नाही एवढं नक्की.

मदर तेरेसांची गोष्ट उलट्या बाजूची आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना जाणवलं की कॉन्व्हेंट सोडून गरिबांतल्या गरिबांमध्ये जायचं आहे. त्या तेव्हा सिस्टर होत्याच, म्हणून त्या याला पाचारणाच्या आतलं पाचारण म्हणत. कलकत्त्याच्या आर्चबिशपांनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी वाट पाहायला लावली, प्रश्न विचारले, सल्ला घेतला, प्रकरण रोमला गेलं. १७ ऑगस्ट १९४८ ला, जवळजवळ दोन वर्षांनी, त्या निळ्या काठाची पांढरी साडी नेसून बाहेर पडल्या. आणि बाहेर पडून थेट झोपडपट्टीत नाही गेल्या, आधी पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं. त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या पत्रांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. काम सुरू झाल्यावर देव जवळ आहे ही जाणीवच नाहीशी झाली, आणि ती कोरड दशकानुदशकं टिकली. पाचारण म्हणजे सतत मन भरून येणं, असं समजणाऱ्यांना ही पत्रं जड जातात. इग्नेशियसचा तो अंधारातला नियम त्यांनी किती वर्षं पाळला असेल!

पंडिता रमाबाईंना असा एखादा दिवस बोट ठेवून दाखवता येणार नाही. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या स्वतः गेल्या आणि बायका-मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना, म्हणून शारदा सदन या आपल्या विधवांसाठीच्या शाळेच्या खर्चासाठी घेतलेल्या केडगावच्या शेतावर त्यांना नेलं. मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं, दुष्काळ, प्लेग आणि फळबागेसाठी घेतलेली जमीन यांच्या जोरावर. आग दिसली, हातात बादली होती, बाई धावल्या.

एक बाजू मात्र प्रवचनांत फारशी येत नाही. बोलावलेल्या माणसाच्या घरच्यांचं काय?

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासाठी तो प्रदीर्घ शोधाचा शेवट होता. लक्ष्मीबाईंच्या अंगावर मात्र घर कोसळलं. त्या काळातल्या ब्राह्मण कुटुंबात नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे बायकोचं जिवंतपणी वैधव्य. मुलाला घेऊन त्या वर्षानुवर्षं नातलगांकडे राहिल्या. पुढे नगरला दोघं पुन्हा एकत्र आले तेव्हाही त्या आपलं सोवळं सांभाळून होत्या. टिळकांनी बायकोवर बळजबरी केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या वाटेने. त्यांच्या आठवणी वाचताना जाणवतं की टिळकांच्या पाचारणाची किंमत आधी त्यांनी मोजली आणि स्वतःची हाक त्यांना मागाहून आली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडून संन्यास घेतला, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाने ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. दोन वर्षांत ते गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं ते कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी. आता यात बोलावलं कुणाला गेलं होतं, सांगा.

शुभवर्तमानातही घरच्यांची आठवण आहे, नीट वाचलं तर. याकोब आणि योहान बापाला होडीत सोडून येशूच्या मागे गेले हे सगळ्यांना पाठ असतं. पण मार्क एक शब्द जास्तीचा लिहितो: ‘मजुरांबरोबर’. जब्दीकडे जाळी ओढायला माणसं होती, पोरांनी बापाला उघड्यावर टाकलं नव्हतं. कोळीवाड्यात हे वाचलं की म्हातारे मान डोलावतात. म्हाताऱ्या आईची दुसरी सोय नसताना तिला सोडून ‘सेवेला’ निघालेल्या माणसाला मी हाच शब्द दाखवीन.

उलट दिशेचा दबावही आहे. आमच्या भागातल्या भाविक घरांत एक तरी मुलगा फादर व्हावा अशी आईची इच्छा असे. इच्छा असायला हरकत नाही, हन्नानेही शमुवेल देवाला वाहिला होता. पण हाक मात्र शमुवेलाला शमुवेलाच्याच नावाने यावी लागली, आईच्या नवसावर भागलं नाही. आईला दुखवायचं नाही म्हणून सेमिनरीत टिकून राहिलेला मुलगा आणि घरच्या कटकटीतून सुटका म्हणून कॉन्व्हेंट गाठणारी मुलगी, दोघांनाही वेळीच घरी पाठवणारे शिक्षक लाभणं ही देवाची कृपाच समजावी. परत येणं ही नामुष्की नाही हे आपल्या गावांना अजून शिकायचं आहे.

परत पाठवण्याचं काम तर येशूनेही केलं आहे. गरसेकरांच्या मुलुखात थडग्यांमध्ये राहणाऱ्या, साखळदंड तोडणाऱ्या माणसाला त्याने बरं केलं. तो माणूस होडीजवळ येऊन विनवू लागला, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. ज्याने कोळ्यांना, जकातदाराला ‘माझ्यामागे ये’ म्हटलं, तो याला ‘नको’ म्हणाला. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग. ज्या गावाने त्याला बेड्या घालायचा प्रयत्न केला, त्याच गावात जाऊन राहायचं. सेमिनरीपेक्षा हे सोपं आहे असं मला वाटत नाही.

शमुवेलाची गोष्ट आपण बहुतेक वेळा ‘तुझा दास ऐकत आहे’ या वाक्यावर संपवतो. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात पुढचं पान नसतंच. देवाने त्या रात्री त्याला जे सांगितलं ते गोड नव्हतं: एलीच्या घराण्याचा नाश होणार होता. ज्या म्हाताऱ्याने हाक ओळखायला शिकवली, त्याच्याबद्दलचाच निरोप. मुलगा सकाळपर्यंत पडून राहिला. मग उठला आणि रोजच्यासारखे मंदिराचे दरवाजे उघडले. एलीला सांगायची त्याला भीती वाटत होती. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘शमुवेला, माझ्या मुला.’ या वेळी हाक खरोखरच एलीची होती.

‘हा मी आहे,’ मुलगा म्हणाला, आणि आत गेला.